बोर्ड बदलण्याआधी डाग कधी वाढतो ते पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीला आतून जिप्सम बोर्ड आहेत. खिडकीखाली पिवळट-तपकिरी डाग, कपाटामागच्या कोपऱ्यात काळी बुरशी आणि खिडकीच्या कोपऱ्यातून सरळ वर गेलेली भेग. खिडकीखालचा रेडिएटर (बॉयलरचं गरम पाणी आत फिरवून खोली तापवणारा) वरून गरम, खालून कोमट. दोन वर्षांपूर्वी डागाचा भाग कापून नवा बोर्ड, पुट्टी, रंग सगळं केलं, तरी डाग परत आला. आता संपूर्ण भिंतीचे बोर्ड बदलून मोठा रेडिएटर बसवायचा आहे, तर आधी काय करू? आणि शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय, "बॉयलरचा दाब दर पंधरा-वीस दिवसांनी उतरतो, मी पाणी भरून घेतो, पण तो विषय वेगळा."

तो विषय वेगळा नसावा अशी मला दाट शंका आहे. म्हणून बोर्ड आणि रेडिएटर, दोन्हीची खरेदी आत्ता थांबवा. तुमच्या वर्णनावरून या भिंतीला एकापेक्षा जास्त दुखणी दिसतात. गेल्या वेळी सगळ्यांवर एकच रंग फासला गेला.

डाग आणि बुरशी या गोष्टी आधी मनात वेगळ्या करा. कडेला गडद रेघ असलेला तपकिरी डाग म्हणजे पाणी कुठून तरी वाहत आलं, कागदातली आणि सांगाड्यातली घाण सोबत घेऊन पसरलं आणि कडेला वाळलं. काळे ठिपके आणि डागाची रेघ नाही, असं असेल तर पाणी बहुधा खोलीतल्या हवेतूनच आलेलं असतं. दोन्ही एकाच भिंतीवर असली म्हणून कारण एक असेलच असं नाही.

डाग कुठे आहे यापेक्षा तो कधी वाढतो, हे मी आधी विचारतो. जागा फसवते, कारण पाणी पाइपवरून, बोर्डामागच्या सांगाड्याच्या पत्र्याच्या चॅनलवरून, लाकडाच्या कडेवरून दोन-तीन फूट सरकून भलतीकडेच बाहेर येतं. वेळ सहसा फसवत नाही. तेव्हा दोन आठवडे एक वही ठेवा. डागाची कड पेन्सिलीने आखून शेजारी तारीख टाका. रोज सकाळी, हीटिंग सुरू होण्याआधी, बॉयलरच्या दाबाचा काटा पाहून आकडा लिहा. त्या दिवशी पाऊस होता का, वारा कुठून होता, थंडी किती होती, एवढंच. पाणी भरावं लागलं तर तेही लिहा. कंटाळवाणं काम आहे, पण संपूर्ण भिंत उघडण्यापेक्षा स्वस्त आहे.

त्या बाजूने वाऱ्याचा पाऊस झाला आणि काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी डाग पेन्सिलीच्या रेघेबाहेर गेला, तर पाणी बाहेरून येतंय, बहुतेक खिडकीच्या चौकटीतून किंवा सिलच्या, म्हणजे खिडकीखालच्या बाहेरच्या पट्टीच्या, सांध्यातून. पावसाशी काही संबंध नाही, डाग हळूहळू वाढतोच आहे आणि दाब उतरतोच आहे, तर हीटिंगचा पाइप. इथे एक गंमत असते. बारीक गळती पाइप गरम असताना दिसतच नाही, कारण जोड प्रसरण पावून घट्ट होतो आणि जे थोडं पाणी येतं ते तिथेच वाळून जातं. हीटिंग बंद असलेल्या रात्री भिंत ओली आणि दुपारी कोरडी, असं झालं तर गोंधळून जाऊ नका. फक्त कडाक्याच्या थंडीत, पहाटे आणि कोपऱ्यातच ओल असेल, तर ते हवेतलं पाणी थंड पृष्ठभागावर जमतंय.

पावसाचा संशय आला तर बागेची नळी घेऊन स्वतः पाऊस पाडा, पण क्रम पाळा. आधी खिडकीखालची भिंत, दहा-पंधरा मिनिटं. मग सिल, मग चौकटीच्या दोन्ही बाजू, सर्वांत शेवटी वरची कड. एक जण आत टॉर्च घेऊन बसवा. वरून सुरुवात केली तर पाणी खाली ओघळताना सगळे सांधे एकदमच भिजतात आणि कुठला गळतो ते कळत नाही. लोक नेमकी हीच चूक करतात, मग चारही बाजूंना सीलंट फासतात आणि चौकटीच्या खालची, पाणी बाहेर जायची बारीक भोकंसुद्धा बुजवून टाकतात. ती भोकं बुजली की पाणी आतच वळतं. सिलच्या खालच्या अंगाला, बाहेरच्या कडेजवळ, एक आडवी खाच असते, पाणी भिंतीकडे न वळता तिथूनच टपकावं म्हणून. रंगाच्या थरांनी ती भरली असेल तर खरवडून मोकळी करा. कधी कधी दुरुस्ती एवढीच निघते.

आता दाबाकडे. बंद पद्धतीच्या हीटिंगमध्ये पाणी थंड असताना काटा साधारण १ ते १.५ बारच्या (बार हे दाबाचं माप) मध्ये असतो, गरम झाल्यावर थोडा वर चढतो. पाणी १० अंशांवरून ८० अंशांवर गेलं की त्याचं आकारमान जवळपास ३ टक्क्यांनी वाढतं. ही वाढ सामावून घ्यायला एक्स्पान्शन टाकी असते, आत रबराचा पडदा आणि पलीकडे हवा. ती हवा गेली असेल तर गरम झाल्यावर काटा थेट ३ बारकडे धावतो, सुरक्षा व्हॉल्व्ह उघडतो, पाणी बाहेरच्या पाइपातून निघून जातं आणि थंड झाल्यावर काटा शून्याशी येतो. अशा वेळी भिंतीत गळती असेलच असं नाही. म्हणून काटा थंड असताना आणि पूर्ण गरम असताना, दोन्ही वेळा पाहा. बाहेरच्या त्या पाइपाच्या तोंडाला रात्रभर एक प्लास्टिकची पिशवी सैल बांधून ठेवली तर सकाळी उत्तर मिळतं. सैलच बांधा, तिथून उकळतं पाणी येऊ शकतं.

गरम असतानाही काटा शांत आहे, पिशवी कोरडी आहे आणि तरी दाब उतरतोय? मग बॉयलर बंद करून, थंड होऊ देऊन, त्याच्या खालचे हीटिंगच्या जाण्यायेण्याच्या पाइपांवरचे दोन्ही व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवा. काटा बहुतेक बॉयलरमध्येच असतो, त्यामुळे व्हॉल्व्ह बंद असतानाच तो उतरला तर दोष बॉयलरच्या बाजूचा. तो तसाच राहिला आणि सकाळी व्हॉल्व्ह उघडल्याबरोबर धाडकन खाली आला, तर पाणी घराच्या पाइपांतून जातंय. मग प्रत्येक रेडिएटरचे सांधे कोरड्या टिश्यूने पुसत जा. तिथे काही सापडलं नाही तर उरते तुमची भिंत. व्हॉल्व्ह पुन्हा उघडल्याशिवाय बॉयलर चालू करू नका. गॅसच्या बॉयलरचं मुख्य आवरण मात्र स्वतः काढायचं नाही. ते परवानाधारक माणसाचं काम आहे, आणि घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर या सगळ्याआधी तो लावा. त्या वायूला रंग नसतो, वास नसतो.

दर पंधरा दिवसांनी पाणी भरण्याबद्दल एक शब्द. नळाचं ताजं पाणी स्वतःबरोबर ऑक्सिजन घेऊन येतं. तोच तोच पाणीसाठा फिरत राहिला तर त्यातला ऑक्सिजन संपतो आणि लोखंड फारसं गंजत नाही. तुम्ही महिन्यातून दोनदा नवा ऑक्सिजन पुरवताय. रेडिएटर खालून कोमट का, याचं अर्धं उत्तर इथेच आहे. गंजातून तयार होणारा काळा गाळ जड असतो, तो तळाशी बसतो आणि तिथून पाणी फिरत नाही.

भिंत उघडण्याआधी माझी एक फजिती सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका घरात मीच बोर्ड लावले होते. सात-आठ महिन्यांनी तळाशी डाग आला. मी डागाचा भाग कापला, आत फक्त ओलसर चॅनल दिसला, वाळू दिला, नवा तुकडा बसवला. पुन्हा डाग. दुसऱ्यांदा वरपर्यंत उघडलं तेव्हा डागाच्या दोन फूट वर माझाच स्क्रू तांब्याच्या पाइपच्या कुशीत रुतलेला सापडला. स्क्रू पाइपात घुसला की तोच भोकाचं बूच होतो. महिनोन्महिने थेंबही दिसत नाही. मग स्क्रू गंजतो, बूच सैल होतं आणि पाणी पाइपवरून ओघळत खाली जमतं. घरमालकांना सांगताना जीभ जड झाली होती. तेव्हापासून सांगाड्याच्या पुढच्या कडेपासून ३० मि.मी.च्या आत पाइप किंवा वायर असेल तर तिथे पोलादी पट्टी ठोकल्याशिवाय मी बोर्ड चढवत नाही. तुमच्याकडेही "तेवढाच भाग" कापला होता, म्हणून ही आठवण आली.

तेव्हा या वेळी डागाच्या वर पाहा. त्या भागाची वीज मेनपासून बंद करा. डागाच्या वर फूटभर अंतरावर १५ सें.मी.चा चौकोन हातकरवतीने कापा, पातं तिरपं धरून, म्हणजे तुकडा आत न पडता बुचासारखा परत बसतो. करवत बोर्डाच्या जाडीपेक्षा फार आत जाऊ देऊ नका. बोर्ड बहुतेक १२.५ मि.मी.चा असेल. आत टॉर्च आणि हात घाला: पाइपवर हिरवट किंवा पांढरी पुटं, गंजाचे ओघळ, ग्लासवूल (उष्णता अडवणारी काचेची लोकर) खाली घसरून मोकळी झालेली जागा. घर जुनं असेल तर कापण्या-घासण्यापूर्वी बोर्डाचा, जोडांच्या पुट्टीचा आणि छताच्या खडबडीत लेपाचा नमुना ॲस्बेस्टॉससाठी तपासून घ्या. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्याचीही तपासणी होते. इथे धाडस नको.

आता तो कोपरा. खोलीत २० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर १२ अंशांच्या पृष्ठभागावर दव धरतं. बुरशीला मात्र दवाचे थेंब लागत नाहीत. पृष्ठभागालगतची आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास सतत राहिली तरी तिला पुरतं, आणि याच खोलीत त्यासाठी भिंत १५ अंशांपर्यंत उतरली की झालं. कपाटाने झाकलेला बाहेरचा कोपरा सहज तिथे पोहोचतो. खोलीची आर्द्रता ५० टक्क्यांवर आणली तर तीच पातळी गाठायला भिंत साधारण साडेबारा अंशांपर्यंत उतरावी लागते. दोन माणसं बंद खोलीत रात्रभर झोपली तर श्वासातून आणि त्वचेतून अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. त्याच खोलीत कपडे वाळत घातले तर आणखी दीड-दोन लिटर. मोठा रेडिएटर हे पाणी नाहीसं करत नाही, आणि कपाटामागे त्याची गरम हवा पोहोचतही नाही. आधी आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र आणा, कपाट भिंतीपासून ७-८ सें.मी. पुढे ओढा, सकाळी दहा मिनिटं खिडकी सताड उघडा, न्हाणीघराचा पंखा अंघोळीनंतरही चालू ठेवा. तीन आठवड्यांत फरक दिसला नाही तर कोपऱ्यात उष्णतारोधक थर नाही किंवा घसरलाय असं समजून तिथेही एक चौकोन कापून पाहा.

बुरशी असलेला बोर्ड धुवून वाचत नाही. ती कागदात मुळं धरते, ब्लीच वरचा रंग घालवतं आणि पाणी आत सोडतं. एक चौरस मीटरपर्यंतचा भाग एन-९५ मास्क, हातमोजे आणि चष्मा घालून स्वतः काढता येतो, खोलीचं दार बंद ठेवून आणि तुकडे लगेच पिशवीत भरून. त्याहून जास्त पसरली असेल तर त्या कामाच्या माणसांना बोलवा. स्वच्छ पाण्याने एकदाच भिजलेला आणि वाळल्यावर टणक वाटणारा बोर्ड ठेवायला हरकत नाही. अंगठ्याने दबतो, फुगलाय, कागद सुटतोय, तर काढा, आणि दिसणाऱ्या ओलीच्या एक फूट पुढेपर्यंत काढा. भिजलेलं ग्लासवूलही काढा. सांगाडा लाकडी असेल तर ओल मोजायच्या यंत्रावर आकडा १८ टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय बंद करू नका. पंखा लावून ठेवला तरी यात आठवडे जाऊ शकतात. माणसं नेमकी इथेच घाई करतात, कारण उघडी भिंत डोळ्यांना खुपते.

शुद्ध जिप्सममध्ये वजनाच्या जवळपास २१ टक्के पाणी स्फटिकात बांधलेलं असतं. आग लागली की ते वाफ होऊन निघतं आणि भिंत काही काळ तग धरते. त्यामुळे आगीशी याची मैत्री चांगली, बाहेरच्या पाण्याशी मात्र वैर. हिरवा बोर्ड ओलावा जास्त सोसतो, पण तोही गळतीत टिकत नाही. "हिरवा लावू का म्हणजे प्रश्न मिटेल" असं कोणी विचारलं की मी नाही म्हणतो.

भेगेचं कारण मला न बघताही सांगता येईलसं वाटतं. खिडकीच्या कोपऱ्यातून सरळ वर जाणारी भेग म्हणजे दोन बोर्डांचा जोड नेमका त्या कोपऱ्यावर आलाय. घराची सगळी लहानमोठी हालचाल खिडकी-दाराच्या कोपऱ्यांवर येऊन साठते. म्हणून नवा बोर्ड लावताना तो कोपऱ्याभोवती एल आकारात कापायचा आणि जोड कोपऱ्यापासून निदान वीतभर दूर न्यायचा. कापायला वेळ लागतो, थोडा बोर्ड वायाही जातो, आणि म्हणूनच घाईतले कारागीर हे टाळतात. भेग तिरपी असेल, एका बाजूची पातळी पुढे आलेली असेल किंवा महिन्यागणिक रुंद होत असेल, तर मात्र बोर्ड सोडा आणि आधी स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवा.

बोर्ड जमिनीला टेकवू नका, १० मि.मी. वर ठेवा, नाहीतर फरशीवर सांडलेलं पाणी तो वातीसारखा ओढतो. स्क्रूचं डोकं कागद न फाडता जेमतेम आत बसलं पाहिजे. फाटलेल्या कागदातला स्क्रू काहीच धरत नाही, त्याच्या शेजारी दुसरा मारा. जोडांना पहिला थर पाण्यात कालवून आपोआप घट्ट होणाऱ्या पावडरीचा द्या, त्यात कागदी टेप बसवा, आणि नंतरचे दोन थर तयार डब्यातल्या मसाल्याचे, प्रत्येक आधीच्यापेक्षा रुंद. शेवटचा ३० सें.मी. रुंद झाला तरी चालेल, उतार जितका लांब तितका जोड दिसत नाही. घासताना मास्क हवाच.

बोर्ड बंद करण्याआधी रेडिएटरचं काम उरका, कारण तो उतरवावा लागेल. आधी थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हवर (खोली तापली की आपोआप बंद होणाऱ्या) पडदा पडत नाही ना ते पाहा. पडद्यामागे गरम हवा कोंडते आणि व्हॉल्व्हला वाटतं खोली तापली. मग दुसऱ्या टोकाचा टोपीखालचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, पण आधी तो किती फेरे उघडा होता ते वहीत लिहा. तासाभरात तळ गरम झाला तर पाण्याची वाटणी चुकलेली होती, घरातल्या बाकी रेडिएटरचे ते व्हॉल्व्ह थोडे थोडे आवळून ती नीट करता येते. तळाच्या मधोमध थंड पट्टा तसाच राहिला तर गाळ. दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून रेडिएटर उतरवा, तोंडं बुचांनी बंद करा आणि बाहेर नेऊन नळीने धुवा. ते काळं पाणी गालिच्यावर पडलं तर निघत नाही, हे अनुभवाने सांगतो. बादलीत चुंबक धरा, गाळ चिकटला तर तुमच्याच पाइपांचं लोखंड आहे ते. परत बसवल्यावर गंजरोधक द्रव घाला, हवा काढा आणि दाब सव्वा बारवर आणा. एवढं झाल्यावर खोली तापली तर मोठा रेडिएटर लागणारच नाही. बॉयलर कंडेन्सिंग प्रकारचा असेल तर परतीचं पाणी ५५ अंशांखाली असतानाच तो धुरातल्या वाफेतली उष्णता नीट वसूल करतो, त्यामुळे सगळे रेडिएटर मोकळे झाल्यावर बॉयलरचं तापमान थोडं उतरवूनही पाहा.

भिंत बंद करायच्या दिवशी पाइप आणि वायरींवर मोजपट्टी धरून फोटो काढा आणि ते फोटो बॉयलरच्या कागदांसोबत ठेवा. बोर्ड लावल्यावर लगेच रंगवू नका. हीटिंग चालू ठेवून एक आठवडा नुसता पुट्टीचा जोड बघत राहा, सकाळचा दाब लिहीत राहा. त्या आठवड्यात एखादा चांगला पाऊस झाला नाही तर पुन्हा नळी मारा. आकडा हलता कामा नये आणि भिंत कोरडीच राहिली पाहिजे. मग प्रायमर. जुना डाग लागलेला जो बोर्ड तुम्ही ठेवलाय, तिथे पाण्यात कालवलेला साधा प्रायमर चालत नाही, डाग त्यात विरघळून वर येतो. शेलॅकचा (लाखेचा) किंवा तेलाचा डागरोधक प्रायमर लावा, खिडकी उघडी ठेवून, आणि त्याच्यावर नेहमीचा रंग.